दिवा किती वेळा लुकलुकला

दोन हजार साली निवृत्त होऊन अंबादासरावांनी गाझियाबादेत फ्लॅट घेतला आणि पाठोपाठ गाडीही घेतली. तिथे गाडीशिवाय राहणं म्हणजे पदरचे पैसे मोडून हद्दपार होणं होतं. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधून खाली उतरलं की चार मराठी माणसं भेटायची. इथे बाल्कनीतून अर्धवट टॉवर आणि विटांचे ढीग दिसत. अलकनंदाबाईंना गाडी चालवता येत नव्हती. नवऱ्याने दिल्लीला नेलं तरच त्यांना माणसं दिसत. शिवाय दर चौदा जानेवारीला, लढाईच्या स्मरणदिनी, यूपीएससीची तयारी करणारी दोन-तीन मराठी मुलं मागे कोंबून दोघं पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जात.

तिसऱ्या वर्षी, दिवाळीपासून अंबादासरावांच्या नजरेच्या मधोमध एक करडा डाग येऊन बसला. कडेचं दिसे, समोरचं विरघळून जाई. उभी हयात नकाशे काढण्यात गेलेली, डोळ्यांचा तोरा मोठा. डॉक्टरने गाडी बंद केली असती, म्हणून ते डॉक्टरकडे गेलेच नाहीत. शहाण्या माणसाच्या मूर्खपणाला कारणंसुद्धा चांगली सापडतात! रस्त्याची कड धरून ते हळूहळू चालवत आणि बायको कौतुकाने म्हणे, "हल्ली किती जपून चालवता हो!"

जानेवारी लागला आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. तो पाहिला बाईंनीच.

"अहो, हे काय लागलंय?"

"कालपासूनच आहे," त्यांनी ठोकून दिलं.

यामीन मेकॅनिककडे तपासायचं मशीन नव्हतं. बॉनेटखालच्या एका डबीत तो वाकवलेली तार खुपसून धरी. मग डॅशबोर्डवरचा तो दिवा लुकलुकून बिघाडाचा नंबर सांगे. यामीनचे हात गुंतलेले, त्यामुळे मोजायचं काम सीटवर बसलेल्या मालकाचं.

"गिनिए बाबूजी! पहले कितनी बार, फिर रुककर कितनी बार?"

अंबादासरावांनी मान तिरकी केली, डोळे बारीक केले. पिवळं काहीतरी थरथरत होतं, इतकंच.

"एक... फिर चार," ते अंदाजपंचे म्हणाले.

यामीनने वही उघडली. एक-चार म्हणजे टेंपरेचरचा सेन्सर. तो दिल्लीतल्या काश्मिरी गेटच्या बाजारातून यायला चार दिवस गेले. बसवायच्या दिवशी अलकनंदाबाईही बरोबर आल्या. पुढे तिळगुळाची खरेदी होती. यामीनने नवा सेन्सर बसवला, गाडी सुरू करायला लावली आणि बॉनेटआडून ओरडला, "बत्ती बुझी, बाबूजी?"

"बुझ गई! एकदम साफ!"

बाईंनी वाकून डॅशबोर्डकडे पाहिलं.

"अहो," बाई हळूच म्हणाल्या, "जळतोय तो."

"म्हणजे... मंद झालाय ना पण."

"नाही हो. होता तस्साच आहे." बाईंनी नवऱ्याचा हात धरला. "माझ्याकडे बघा बरं."

अंबादासरावांनी मान वळवली. कानातली कुडी दिसली, अंबाड्याची कड दिसली. मधे बायकोचा चेहरा असायला हवा होता, तिथे तो करडा डाग होता.

"केव्हापासून?"

"दिवाळीपासून."

त्यांना भयंकर लाज वाटली. दोन महिने हिला शेजारी बसवून आपण ट्रकांमधून गाडी हाकली, आणि परवा लोकांची पोरंही बसवणार होतो. बाईंनी हात काढून घेतला नाही. मग त्यांनी काच खाली केली.

"भैया, तार फिर से लगाइए. मैं गिनती हूँ."

दिवा दोनदा लुकलुकला, थांबला, मग एकदा. यामीनने वही पाहिली, दुसऱ्याच सेन्सरची निसटलेली क्लिप खटकन दाबली आणि कपाळावर हात मारला.

"लो जी! इतनी सी बात! बाबूजी, आपने गिनती ही गलत बताई थी. अब पानीपत क्या, बंबई हो आइए!"

अलकनंदाबाई पदराने डोळे पुसत होत्या. अंबादासराव समोर बघत होते, दिव्याच्या जागेकडे.

"अलका," त्यांनी विचारलं, "विझला का गं?"

"हो. विझला."

त्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि चाचपडत खिडकीबाहेर धरली.

"यामीन," ते म्हणाले, "हमें घर तक छोड़ आओ."