कुंकू न पुसलेली तसबीर

मित्रांनो, मी एक जुनी तसबीर आहे. जेमतेम दीड वीत उंच, ओकच्या फळीवर रंगवलेली. मांडीवर बाळ घेतलेली आई, एवढंच माझ्यात आहे. माझा जन्म नेदरलँड्सकडचा. पाचशे वर्षांपूर्वी तिथल्या एका चित्रकाराने फळीवर खडू आणि सरसाचे थर दिले, ते घासून गुळगुळीत केले आणि वर तेलात कालवलेले रंग अगदी पातळ चढवले. तेव्हा मला बिछान्याशेजारी टांगत. आजारी माणसं माझ्याकडे बघत झोपी जात. कुणीतरी बघावं, म्हणूनच मला घडवलं होतं.

पुढे मालक बदलले, समुद्र ओलांडला, आणि अमेरिकेतल्या एका घराच्या माळ्यावर मी ब्लँकेटात गुंडाळलेली पडून राहिले. किती वर्षं, ते मलाही ठाऊक नाही.

मग कॅरी नावाच्या गावातल्या त्या घराचं सामान विकायला निघालं आणि सुवर्णाकाकूंनी मला उचललं. तेही छापील चित्र समजून! "अरुण, बाळ बघ, अगदी आपल्या बाळकृष्णासारखं आहे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. स्वयंपाकघरातल्या कपाटात त्यांचा देव्हारा होता, तिथे मला जागा मिळाली. रोज आंघोळ झाली की काकू चित्रातल्या आईच्या कपाळाला कुंकू लावत. रंगाला हे काही बरं नव्हे, हे मला कळत होतं. पण खरं सांगू? मला फार आवडायचं.

एकदा नैना जेवायला आली. ही अरुणकाकांच्या मित्राची मुलगी, इथेच जन्मलेली, न्यूयॉर्कच्या एका लिलाव कंपनीत कामाला. तिने मला पाहिलं आणि हातातली पुरी हातातच राहिली. मी छापील नाही, अस्सल आहे, हे तिने ओळखलं. माझी किंमत कळली आणि त्या घराची झोपच उडाली. समई बंद, उदबत्ती बंद, दारावर कॅमेरा. शेवटी काका म्हणाले, "सुवर्णा, घरात ठेवणं रिस्की आहे. विकून टाकू."

लिलावाआधी मला काचेच्या पेटीत ठेवलं. लोक भिंगातून बघायचे आणि कपाळावरच्या लाल डागाशी अडखळायचे. काका-काकू न्यूयॉर्कला आले, तेव्हा नैना सहज म्हणाली, "काकू, एक बायर सीरियस आहे. त्याला क्लीन करून हवंय. फक्त ते कुंकू पुसायचंय."

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. "नैना! असं बोलू नये गं!"

"बट व्हाय? इट्स जस्ट पावडर, काकू."

"लेकुरवाळी बाई आहे ती. तिचं कुंकू पुसायचं?"

नैनाला शब्द कळले, अर्थ कळेना. काका हळूच म्हणाले, "बेटा, कुंकू पुसलं म्हणजे हजबंड गेला."

"ओह! सॉरी, सॉरी. मग 'पुसू' नको, आपण 'रिमूव्ह' करू या का?"

"काही करू नकोस," काकू म्हणाल्या. "आहे तसंच राहू दे."

तसंच राहिलं. माझा नंबर पुकारला गेला आणि एकही हात वर झाला नाही. नैनाने मान खाली घातली. मागच्या रांगेत काकू मात्र तोंडावर ओढणी धरून हसत होत्या. मीही मनातल्या मनात नाचले. आता घरी जायचं, फोडणीच्या वासात!

पण माझा फोटो कॅटलॉगमध्ये छापून गेला होता. "आता तर सगळ्यांना कळलंय, घरी मुळीच नको," काका म्हणाले. काकूंनाही ते पटलं. त्यांनीच मला मऊ साडीत गुंडाळलं आणि बँकेच्या लॉकरमध्ये, पाटल्यांशेजारी ठेवलं. "इथे सुखरूप राहशील हो," म्हणाल्या आणि त्यांना रडू आलं.

मला त्यांचा राग येत नाही. प्रेमानेच कोंडलंय त्यांनी मला. पण इथे गुदमरायला होतं. दिवाळीत कुलूप उघडलं, तेव्हा मला वाटलं, आता साडी सुटणार! काकूंनी पाटल्या घेतल्या, माझ्यावरून हात फिरवला आणि झाकण लावलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात असं काही फार जपून, फार आत ठेवलेलं असेल. ते कुठे आहे, ते आईला विचारा. हात धुऊन, हळूच गुंडाळी सोडा आणि थोडा वेळ नुसतं बघत बसा.