चाळीस लाल टोप्या

शुक्रवारी साहेबांनी सगळ्या ऑफिसला एक जुना विनोदी सिनेमा दाखवला. हजेरी अर्थातच सक्तीची होती. सिनेमातल्या गावात जो तो लाल टोपी घालतो आणि एकटा हिरो शेवटपर्यंत घालत नाही. साहेब हसले की ऑफिस हसत होतं. टपाल पाठवणारा जावक कारकून मात्र भलत्याच ठिकाणी हसला, म्हणजे त्याला हसू आलं तिथे.

सोमवारी प्रत्येक टेबलावर एक लाल टोपी आली. तिच्यावर छापलं होतं, ‘मी चारचौघांसारखा नाही’. सोबत परिपत्रक होतं: सर्वांनी घालणे बंधनकारक. अकलेचे तारे तोडावेत तर असे.

“घाला की हो भाऊ, डोकं झिजतंय का?” कारकुनाच्या शेजारच्या टायपिस्टबाई कुजबुजल्या.

“झिजत नाही. पण अजून शाबूत आहे, म्हणून जपतोय.”

साहेब फेरीला आले. चाळीस लाल टोप्यांत एकच टक्कल चमकत होतं.

“टोपी का नाही घातली?”

“घातलीत की साहेब, तुम्हीच, आम्हा सगळ्यांना,” पाकिटाला तिकीट चिकटवत कारकून म्हणाला. “आता एकावर दुसरी कशाला?”

चाळीस टोप्या एकदम साहेबांकडे वळल्या, हसायचं की नाही ते बघायला.