पाय थांबले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना पायपंप आहे. सायकलमध्ये हवा भरणारा नव्हे हं! तो हवा ढकलतो, मी ओढतो. ऑपरेशनच्या वेळी रक्त साचले की डॉक्टरांना आतले दिसेनासे होते. ते रक्त नळीने ओढून बाटलीत घेणे, हे माझे काम.

माझा जन्म दोन भावंडांच्या भांडणातून झाला. ताई डोंगरापलीकडच्या छोट्या दवाखान्यात सर्जन होत्या आणि त्यांचा धाकटा भाऊ शहरात इंजिनिअर. "तुमची विजेची यंत्रं आमच्याकडे नुसती शोभेला," ताई म्हणाल्या. "वीज गेली की मी काय हातावर हात ठेवून बसू?" भावाला ते चांगलेच झोंबले. जुन्या सायकलची सीट, पेडल आणि साखळी घेऊन त्याने मला उभे केले. माझा खडखडाट ऐकून ताई म्हणाल्या, "पंप केलास की पिठाची गिरणी?" पण जीपमध्ये घालून मला घेऊन गेल्याच.

दवाखान्यात माणसे मोजकी. म्हणून ताईंनी पद्धतच पाडली, की पेडल पेशंटच्या नातेवाइकाने मारायचे, पडद्याआड, टेबलाकडे पाठ करून. किती सासरे, भाऊ, आत्या माझ्यावर बसून घामाघूम झाले! जाताना माझ्या सीटवरून हात फिरवायचे. ते दिवस आठवले की अजून भरून येते.

एका दुपारी एक बाई बाळंतपणात अडली. वीज नव्हती. ताईंनी पोट उघडून बाळ बाहेर काढले. नवरा पेडल मारत होता. बाळ रडले आणि नवऱ्याचे पाय थांबले. त्याला वाटले, झाले सगळे. तो भिंतीकडे बघून हसत होता, डोळे पुसत होता. इकडे माझी ओढ गेली आणि जखम रक्ताने भरू लागली.

"पाय थांबवू नका," ताई म्हणाल्या.

"अहो, बाळ झालं ना?"

"बाळ झालं. बायको वाचायची आहे अजून. मारा पेडल."

मग तो जो तुटून पडला! मीही जीव खाऊन ओढले. ताईंना रक्तवाहिनी दिसली, त्यांनी ती बांधली आणि बाई वाचली.

हे कळताच भाऊ धावत आला. म्हणाला, "ताई, त्याला बोल लावू नकोस. लेकरू रडल्यावर कुठल्या बापाचे पाय चालतील? हे यंत्रानेच समजून घ्यायला हवं." त्याने मला एक छोटी टाकी जोडली; पेडल चालू असताना तिच्यातली हवा मी आधीच ओढून ठेवतो. आता पाय थांबले तरी माझी ओढ थोडा वेळ टिकते. ती टाकी म्हणजे माझा दागिनाच.

पुढे छपरावर सौर पॅनेल आली, मुकाट चालणारे नवे यंत्र आले. ताई निवृत्त झाल्या. मी मोडक्या खाटांमागे गेलो आणि माझ्यावर ओले एप्रन वाळू लागले. नव्याचा मला राग नाही. पण परवा ऐन ऑपरेशनमध्ये ते बंद पडले. नर्सबाई धावत आल्या, त्यांनी माझे पेडल मारले. आत ओढ धरून ठेवणारा माझा चामड्याचा वॉशर वाळून कडक झाला होता. मला काही ओढता आले नाही. नशिबाने नवे यंत्र पुन्हा सुरू झाले, म्हणून निभावले.

मित्रांनो, माझे कौतुक नको. अधूनमधून वॉशरला तेल द्या, चार पेडल मारून बघा. माझी गरज कधी पडूच नये. पण पडली, तर आपल्या माणसासाठी पेडल मारणाऱ्याचा घाम माझ्यामुळे फुकट जाऊ देऊ नका.