परदेशी विद्यार्थी कक्ष

"अहो, दाजी हे नातं झालं. मला आडनाव सांगा, आडनाव," शैला विजयकर फोनवर जरा मोठ्यानेच म्हणाली.

"आडनावच दाजी, बाई," पलीकडून एका पुरुषाचा आवाज आला. "मी विष्णू दाजी. पोरीचं नाव मनवा दाजी. आम्ही मॉरिशसवरून बोलतो. आमच्यात पहिला जो आजा आला, त्याचं नाव गोऱ्या सायबानं कागदावर लिवलं, तेच घराण्याचं झालं."

शैलाचं पेन थांबलं. परळच्या त्या कॉलेजात ती एकतीस वर्षं कारकून होती, आणि शेवटची सहा वर्षं जिन्याखालच्या एका टेबलावर 'परदेशी विद्यार्थी कक्ष' अशी पाटी लावून बसत होती. कक्ष म्हणजे ते टेबल, एक कॉम्प्युटर आणि ती. नेपाळची मुलं यायची, एकदा येमेनचे दोघे भाऊ आले होते, टांझानियाची एक मुलगी. यंदा अजून कोणीच नव्हतं. पण परदेशातून फोन यावा आणि पलीकडचा माणूस मराठीत बोलावा, असं कधी झालं नव्हतं. तेही असं मराठी, तिच्या लहानपणी रत्नागिरीहून येणाऱ्या म्हाताऱ्या पाहुण्यांसारखं.

मनवाला प्राणिशास्त्र शिकायचं होतं, समुद्रातल्या जिवांचं. तिच्यासमोर तीन शहरं होती: डर्बन, पर्थ आणि मुंबई. तिन्ही समुद्रकाठची, कारण समुद्र नसेल तिथे पोर टिकायची नाही, असं तिच्या आईचं म्हणणं होतं. पर्थला मामा होता. बापाच्या मनात मात्र मुंबईच होती.

"आमचा आजा तिथनंच बोटीत चढला ना," विष्णू दाजी म्हणाला. "घरातलं कोणी परत गेलं नाही. ही पोर गेली तर बरं वाटेल."

दुसऱ्या दिवसापासून मनवाचे प्रश्न व्हॉट्सअॅपवर यायला लागले. ती बोलून पाठवायची. आवाज कोवळा, मराठी शाळेत शिकलेलं आणि आजीकडून ऐकलेलं, मध्येच अडखळणारं. मुलींना राहायला जागा कुठे मिळते? बसमध्ये बायकांना भीती वाटते का? तुमच्याकडे मासे कुठले? समुद्राचं पाणी निळं आहे का?

'निळं नाही,' शैलाने कळवलं. 'पण समुद्र आहे.'

ते लिहून झाल्यावर तिला वाटलं, समुद्र आपण शेवटचा नीट पाहिला कधी? आई आठ वर्षं अंथरुणावर होती. ती जाऊनही दोन वर्षं झाली. ऑफिस सुटलं की फणसवाडीतलं तिसऱ्या मजल्यावरचं घर, हेच तिचं वेळापत्रक होतं, आणि आई गेल्यावरही ते तसंच राहिलं होतं. रविवारी तिला कुणाशी बोलायचं कारणच पडत नसे. सोमवारी सकाळी कंडक्टरला तिकीट सांगताना घसा खाकरावा लागायचा.

त्या रविवारी ती वरळी कोळीवाड्यात गेली. सुकायला घातलेले बोंबील, ओढून ठेवलेल्या होड्या, अरुंद गल्ल्या, सगळं तिने फोनवर टिपलं. टोपली घेऊन बसलेल्या राधाबाई नावाच्या कोळणीने विचारलं, "कुनाला धाडतेस गो एवढं फोटू?"

"आहे एक मुलगी," शैला म्हणाली. "आमच्याकडे येणार आहे."

येणार आहे की नाही हे अजून ठरलंच नव्हतं. पण शब्द तोंडातून गेले आणि ते ऐकायला तिला बरं वाटलं.

मग दर रविवारी ती कुठे ना कुठे जाऊ लागली. दादरचं फुलमार्केट, लालबागची मसाल्याची दुकानं, काळाचौकीतली मूर्तींची कार्यशाळा. ग्रंथालयातली जोआन डिमेलो तिच्याबरोबर डबा खायची. ती एक दिवस म्हणाली, "शैला, तू क्लार्क आहेस की टुरिस्ट गाईड? आणि आज लिपस्टिक? काय चाललंय काय तुझं?"

"काही नाही गं. मॉरिशसची एक मुलगी आहे."

"आणि ती राहणार कुठे?"

"बघू," शैला म्हणाली. खरं तर तिने आतली खोली रिकामी केली होती. आईची खाट वाडीतल्या एका घरी देऊन टाकली होती, भिंतीला रंग दिला होता, आणि निळा नाही म्हटलेल्या समुद्राची भरपाई म्हणून की काय, पडदे निळे आणले होते.

फेब्रुवारीत मनवाने विचारलं, "मावशी, तुमच्या माहितीपत्रकात सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा लिहिली आहे. ती कशी आहे?"

शैलाने तो निरोप तीनदा ऐकला. मावशी हा शब्द तिने पहिल्यांदाच वापरला होता. आणि प्रयोगशाळा बंद होती. सबनीसबाई दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या, त्यांची जागा भरली नाही. खोलीला कुलूप होतं, आत मोडक्या खुर्च्या रचलेल्या होत्या. माहितीपत्रकातली ओळ तेवढी कुणी काढली नव्हती.

तिने उत्तर दिलं, 'आपला प्राणिशास्त्र विभाग चांगला आहे.'

ते खोटं नव्हतं. पण विचारलं होतं त्याचं ते उत्तर नव्हतं, हे पाठवतानाच तिला कळत होतं.

एप्रिलमध्ये बापलेक स्वतःच पाहायला आले. विष्णू दाजी ठेंगणा, काळासावळा, साखर कारखान्यात फिटर होता. शर्टाचं वरचं बटण लावून, हात बांधून तो जिन्याखाली उभा राहिला आणि पाटी मोठ्याने वाचली. मनवा त्याच्यापेक्षा वीतभर उंच. तिने वाकून शैलाला नमस्कार केला. येणारीजाणारी मुलं बघत राहिली.

उपप्राचार्य हेमचंद्र प्रधान यांनी जातीने कॉलेज दाखवलं. सभागृह, ग्रंथालय, कॅन्टीन. दुसऱ्या मजल्यावरच्या कुलपापाशी मनवा थांबली.

"हीच का ती?"

"हो, रिनोव्हेशन चालू आहे," प्रधान म्हणाले. "जूनपर्यंत एकदम फर्स्ट क्लास होईल."

मनवाने शैलाकडे पाहिलं. शैला हातातल्या फाइलची नाडी बांधत होती.

बापलेक खाली उतरल्यावर प्रधान हळूच म्हणाले, "शैलाताई, यंदा एक तरी फॉरेन स्टुडंट दाखवायलाच हवा, कमिटी येणार आहे. मुलगी गोड आहे. पटवा तिला. तुमचं ऐकते ती."

ऐकते, हे खरं होतं. शैलाला रात्रभर तेच टोचत राहिलं.

रविवारी तिने दोघांना जेवायला बोलावलं. भरलेलं पापलेट, सोलकढी, तांदळाची भाकरी. विष्णू दाजीने भाकरी हातात घेतली आणि उलटसुलट करून पाहिली. "माझी आय अशीच थापायची," तो म्हणाला. "तिच्या मागं कुणाला जमली नाही."

जेवण झाल्यावर शैलाने आतली खोली दाखवली. खिडकीखाली टेबल, टेबलावर दिवा, भिंतीतलं कपाट रिकामं करून पुसलेलं.

"हॉस्टेल मिळेलच," ती म्हणाली. "पण वाटलं तर इथे राहता येईल. मला भाडं वगैरे काही नको. घर मोठं पडतं मला एकटीला."

मनवाने पडद्यावरून हात फिरवला. बाप म्हणाला, "झालं. माझ्या मनातलं ठरलं. काय गे?"

मनवा नुसती हसली. नंतर म्हणाली, "मावशी, तुम्ही ते गुलाबी पक्षी म्हणाला होता ना?"

ओहोटीची वेळ साधून ती तिघं टॅक्सीने शिवडीला गेली. गोदामं, उभे ट्रक, मग जुना धक्का. पाणी लांब सरलं होतं आणि चिखलावर हजारो फ्लेमिंगो माना खाली घालून चरत होते. त्यांच्या मागे नवा पूल थेट समुद्रात गेलेला. विष्णू दाजी धक्क्याच्या टोकाला जाऊन गोदीच्या दिशेने बघत राहिला. तिथूनच ती बोट सुटली असेल, असं त्याने मनाशी धरलं असावं.

मनवा पक्ष्यांकडे पाहायची सोडून पायाशी चिखलात बघत होती. "मावशी, हा बघा! मासा चालतो आहे!"

"निवटी ती," शैला म्हणाली.

"आमच्याकडे पण आहे. पण मी येवढ्या नव्हत्या बघितल्या." ती उकिडवी बसली. "मी तेरा वर्षांची होते तेव्हा आमच्या किनाऱ्याला जहाज फुटलं. सगळं तेल. आम्ही पोरंपोरी उसाची पाचट पोत्यात भरून दोरखंड केले, पाण्यात टाकले, तेल अडवायला. लोकांनी डोक्याचे केस कापून दिले. माझी वेणी पण त्यात गेली. मी एक खेकडा उचलला, पूर्ण काळा, धुवत बसले, धुवत बसले, तो हातातच मेला. तेव्हापासून मला हेच शिकायचं आहे. ते परत कसं जिवंत होतं ते." ती वर बघून म्हणाली, "मावशी, ती खोली जूनमध्ये खरंच उघडेल?"

पक्ष्यांचा कलकलाट चालू होता. शैलाला निळे पडदे आठवले, रिकामं कपाट आठवलं. हो म्हणायला अर्धा क्षण पुरला असता.

"नाही उघडणार," ती म्हणाली. "शिकवणाऱ्या बाई दोन वर्षांपूर्वीच गेल्या. नवीन कोणी घेतलं नाही. आत मोडक्या खुर्च्या आहेत, बाळा. तू विचारलंस तेव्हाच मला माहीत होतं."

मनवा उठून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं न कळल्यासारखं काहीतरी होतं. तिने बापाला हाक मारली आणि दोघं त्यांच्या क्रिओल भाषेत बोलू लागली. शैलाला त्यातलं काही समजत नव्हतं, फक्त बापाचा आवाज चढत गेलेला कळला. मग तो तिच्यासमोर आला.

"बाई, मी साता समुद्रावरून पोरीला घेऊन आलो. हे फोनवर नाही सांगायचं?"

"सांगायला हवं होतं," शैला म्हणाली. "माझं चुकलं. मुलांना मुंबईत चांगली कॉलेजं आहेत, पण तिला जे हवंय ते आमच्याकडे नाही. मला ती यायला हवी होती, म्हणून मी गप्प बसले. दुसरं काही कारण नाही."

विष्णू दाजीने पाण्याकडे तोंड फिरवलं. चिखलावर हळूहळू पाणी चढायला लागलं होतं. पक्षी एक एक पाऊल मागे सरकत होते.

"आमच्या आज्याला इथल्या मुकादमानं सांगितलं," तो शेवटी म्हणाला, "की तिकडं दगड उचलला की खाली सोनं मिळतं. तो गेला. आयुष्यभर दगडच उचलले, उसाच्या शेतातले. जायच्या आधी त्याला खरं सांगणारं कोणी भेटलं नाही." त्याने शैलाकडे पाहिलं. "माझ्या पोरीला भेटलं. उशिरानं का होईना."

तो पुढे चालू लागला. मनवा मागे राहिली. तिने शैलाचा हात धरला आणि टॅक्सीपर्यंत सोडला नाही.

मंगळवारी बापलेक परत गेले. बुधवारी, विष्णू दाजीचा नकार आणि त्याचं कारण कळल्यावर, प्रधानांनी शैलाला केबिनमध्ये बोलावलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं सत्य बोलायला?" ते म्हणाले. "एकतीस वर्षं नोकरी केलीत, आणि जाता जाता हे?"

"ती ओळ माहितीपत्रकातून काढा, सर," शैला म्हणाली. "मी अर्ज लिहून आणलाय. आवक नोंद करून घ्या."

ओळ काढली गेली की नाही हे तिला कळलं नाही. मे अखेर ती निवृत्त झाली. निरोप समारंभ ग्रंथालयातच झाला, आठजण होते. जोआनने केक आणला होता आणि सगळ्यात जास्त तीच रडली. जिन्याखालच्या टेबलावर झेरॉक्स मशीन आलं.

आतल्या खोलीसाठी दोन मुली विचारायला येऊन गेल्या. दोघींना शैलाने बघते म्हणून सांगितलं, आणि मग सांगितलंच नाही. मनवा जुलैत पर्थला गेली. सुरुवातीला रोज एखादा निरोप यायचा: मामाच्या घराचा फोटो, थंडीतल्या जाकिटाचा, विद्यापीठाच्या पायऱ्यांचा. मग आठवड्यातून एक. शैलाला ते समजत होतं. मुलीला अभ्यास होता, मैत्रिणी होत होत्या. तिच्या रविवारांना आता पुन्हा काही कारण उरलं नव्हतं. एक-दोनदा ती तयार होऊन खाली उतरली आणि वाडीच्या तोंडापासून परत आली.

ऑगस्टात एका सकाळी ती भाजी चिरत असताना फोन वाजला. निरोप नव्हता, मनवा स्वतः होती. आवाज वाऱ्यात तुटत होता.

"मावशी! आज सगळ्या वर्गाला किनाऱ्यावर आणलंय! आमच्या बाई म्हणाल्या, पहिल्या दिवशी नुसतं बघा आणि ऐका. मला तुमची आठवण आली. थांबा हं, तुम्हाला ऐकवते!"

"थांब, थांब," शैला म्हणाली. तिने गॅस बंद केला. पंखा बंद केला. वाडीत गणपतीच्या मांडवाचे बांबू ठोकत होते, म्हणून खिडकी लावून घेतली. ओले हात पदराला पुसून तिने फोन कानाशी घट्ट धरला.

नुसती खरखर येत होती. वारा असेल. ती श्वास रोखून ऐकत राहिली. खरखर वाढली, कमी झाली, मध्येच पूर्ण थांबली.

"आलं ऐकू, मावशी?"

"आलं की," शैला म्हणाली. "केवढ्या मोठ्या लाटा गं तुमच्या तिकडे."

मनवा खुदकन हसली. मागून तिला कुणीतरी हाक मारली, परक्या उच्चारात, पण नावाने. "जाते हं," म्हणून तिने फोन ठेवला.

शैला तशीच ओट्याशी उभी राहिली. घामाने मान भिजली होती, पण पंखा तिने बऱ्याच वेळाने लावला.