हॉलच्या वायफायवरून भरलेल्या हरकती

तुम्ही मला वाचलंत, पण माझा अर्थ काय, हे कधी विचारलंच नाहीत. आणि अख्खं गाव बोगस ठरवून मोकळे झालात!

मी रिमोट ॲड्रेस बोलतोय. एका कार्यालयाच्या वेबसाइटच्या सर्व्हरवर राहतो. मी व्हेरिएबल, म्हणजे माहिती ठेवायचा लहानसा कप्पा. वेबसाइटकडे विनंती आली की मी जन्मतो, उत्तर परत गेलं की संपतो. विनंती इंटरनेटच्या कुठल्या जोडणीवरून आली, तिचा क्रमांक, म्हणजे आयपी, तेवढा माझ्यात असतो. माणूस कोण, ते मला काय ठाऊक? ते फॉर्मच्या कप्प्यांत असतं. नाव, सर्व्हे नंबर, हरकत, सगळं तिथे.

पण ही साइट लिहिणाऱ्या जितेंद्रनं घाईत नियम केला: एका क्रमांकावरून एकच हरकत, बाकीच्या बाद. फॉर्मला विचारायला दोन ओळी जास्त लागल्या असत्या. फक्त दोन!

भुईगावच्या वाड्यांमधून, म्हणजे लोकांच्या बागायतींमधून, नवा रस्ता जाणार होता. हरकतीची मुदत रविवारपर्यंत. तिथे असली कामं मिस्सा सुटल्यावर चर्चच्या हॉलमध्ये सगळे मिळून करतात. नॅन्सी टीचरनं लॅपटॉप मांडला आणि हॉलच्या वायफायवरून एकेकाची हरकत भरली. एकोणचाळीस वेळा मी जन्मलो, दर वेळी तोच क्रमांक घेऊन. पहिली हरकत घेतली गेली. उरलेल्या अडतीस माझ्या नावावर खपवून फेकून दिल्या, साठवल्यासुद्धा नाहीत. पडद्यावर मात्र सगळ्यांना 'धन्यवाद'!

सोमवारी स्वीकारलेल्या हरकतींची यादी लागली. नॅन्सी टीचरचा फोन आला, जितेंद्रनं स्पीकर लावला.

"मॅडम, सगळ्या एकाच आयपीवरून आल्यात. सिस्टिमनं डुप्लिकेट धरल्या."

"अहो, माणसं वेगळी, सातबारे वेगळे! एक वायफाय वापरला म्हणून आम्ही सगळे एकच माणूस झालो?"

"आता मुदत संपली ना. माझ्या हातात काही नाही."

हातात नाही? नियम कोणाच्या हातचा होता मग? मला ओरडायचं होतं, पण मला तोंड कुठे! मला विचाराल तेवढंच मी सांगणार. निदान पुढच्या वेळी तरी माझ्यावरून माणसं मोजू नका.

नॅन्सीमागे, हरकत भरलेल्यांपैकी, म्हातारे सॅन्टन बसले असावेत. त्यांचाच आवाज स्पीकरवर आला, "बाय, त्याला सांग, हरकत एकाचीच धरली ना? मग रस्ता पन एकाच्याच वाडीतून ने म्हनावं."