पोट सैल सोडा

डॉक्टरीणबाईंच्या कोटाचं तिसरं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं... आणि त्याची नजर तिथंच अडकून बसली होती, कारण वर चेहऱ्याकडे बघायची सोय नव्हती. तिशीतली पोरगी, आणि आपण पुरुषांच्या पँटी शिवण्यात अर्धा जन्म घालवलेला टेलर — तिला सांगायचं तरी कुठल्या तोंडानं? "खाली दुखतंय," एवढंच तो कसंबसं म्हणाला होता.

"जेवण झालं का?" तिनं विचारलं. "मशीन पायाची की मोटरची?"

तो मोटरचं कौतुक सांगू लागला, आणि मध्येच — "अंडकोषात डावीकडे दुखतं की उजवीकडे?"

"डावीकडे," तो बोलून गेला आणि चमकला. अगं लबाडे! ही तर आपली युक्ती... कंबरेचं माप द्यायला उभा राहिलेला प्रत्येक पुरुष पोट आत ओढतो, मग आपण घरच्यांची चौकशी करायची, बोलता बोलता त्याचं पोट सुटतं, आणि तेवढ्यात टेप फिरवायची. आज आपलंच माप निघत होतं. त्याला मनातल्या मनात हसू फुटलं.

मग उत्तरं भराभर येऊ लागली. एकदम नाही, हळूहळू वाढलं. मार नाही, उलटी नाही. ताप थोडा. लघवीला जळजळ — हो. लहानपणी गालगुंड? आईनं गालाला काहीतरी गरम लावलेलं आठवतं, तिचा तळहातही आठवतो... म्हणजे झालं असणार.

"बायकोशिवाय कुणाशी संबंध?"

"छे हो, तिलाच कुठं पुरा पडतो मी!" म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला. तीही हसली.

"मुलं किती?"

पोट पुन्हा आत गेलं. याच भीतीनं तर बायकोला त्यानं दाढ दुखते म्हणून सांगितलं होतं, आणि ती बिचारी रोज मिठाचं गरम पाणी करून देत होती, आणि तो इमानदारीत गुळण्या करत होता.

"नाहीत अजून," तो म्हणाला. "होतील ना?"

विचारून टाकलं! इतके दिवस गिळलेलं.

पडद्याआड तपासून तिनं हात धुतले. "आतल्या नळीला सूज आहे, औषधानं उतरेल असं वाटतं. सोनोग्राफी आत्ताच करून या, मग नक्की सांगते. पण मूल होणार नाही असं मला तरी कुठं दिसत नाही."

सोनोग्राफीच्या दाराशी बाकावर तो बेतानं टेकला. बटणाचं सांगायचं राहूनच गेलं. परत जाताना सांगू, नाहीतर स्वतःच लावून देऊ. फोन वाजला.

"काय हो, काढली का दाढ?"

त्याला हसू आवरेना; हसलं की ठणकत होतं, तरी आवरेना. पोट केव्हाच सैल सुटलं होतं.

"आधी खाली बस बघू," तो म्हणाला, "आणि हसू नकोस..."