महादेवरावांचे दोन सौदे

"पोरी, तेलाले आग लागली ते समजलं. पन गॅस काहून चढून राहिला?"

फोनवर महादेवरावांचा आवाज बारीक झाला होता. रागिणीने पडद्याकडे पाहिलं. आखातात बॉम्ब पडल्याची बातमी दुपारी आली आणि कच्च्या तेलाचा वायदा उसळला. पाठोपाठ नैसर्गिक वायूचाही. महादेवरावांनी दोन्ही भाव पडतील या भरवशावर दोन्हीकडे विक्री करून ठेवली होती.

"काका, तेलाचे जहाज जातात त्याच समुद्रातून गॅसचेही जातात. अन् विकून बसलेले लोक घाबरून तेलासोबत गॅसही परत विकत घेऊन राहिले."

"मी तं एक बुडला तं दुसरा सावरीन म्हनून ठेवला होता."

रागिणी अमरावतीच्या राजापेठेतल्या एका वायदे दलालाच्या कार्यालयात सौदे टाकायचं काम करी. महादेवरावांची नांदगाव पेठेजवळ शेवंतीची बाग होती. सकाळी फुलं बाजारात पोचवली की त्यांना दिवस खायला उठे. बायको कौशल्याबाई गेल्यापासून घरात बोलायला कोणी नव्हतं. म्हणून ते इथे येऊन बसत, रागिणीला प्रश्न विचारत आणि मन लावून ऐकत. सुरुवातीला नुसतेच पाहत. पुढे सौदे करू लागले.

मागून किशोरभाऊंचा आवाज आला. कार्यालय त्यांचं होतं.

"सौद्यासाठी भरलेली त्यायची ठेव तोट्यात संपत आली. काप दोन्ही सौदे."

"भाऊ, थोडं थांबू नं. भाव येईन खाली."

"सारेच म्हनतात. काप."

फोन चालूच होता. महादेवरावांनी सगळं ऐकलं होतं.

"पोरी, थोडं थांब नं. घंटाभर."

रागिणीचं बोट बटणावर थांबलं. भाव आणखी वर सरकला. तिने दोन्ही सौदे तोडले आणि फोनमध्ये म्हणाली, "झालं, काका."

महादेवरावांनी फोन ठेवला.

तासाभरात युद्धबंदीच्या बोलण्याची बातमी आली. तेल घसरलं, वायूही घसरला. दोन्ही भाव सकाळी होते तिथेच जवळपास येऊन थांबले. रागिणी पाण्याचा ग्लास हातात धरून पडद्याकडे बघत राहिली. किशोरभाऊंनी एकदा पाहिलं आणि मान फिरवली.

त्यानंतर महादेवराव कार्यालयात आले नाहीत. तोटा भागवायला बागेचा रस्त्याकडचा अर्धा भाग त्यांनी विकल्याचं तिला बाजारात कळलं. रविवारी ती स्कूटीवरून नांदगाव पेठेला गेली.

ते बांधावर उभे होते. तिला पाहून हसले.

"ये, बाई. च्या घेशीन?"

"काका, मी घंटाभर थांबली असती तं..." तिने डोळे पुसले.

"अन् थांबली असती, भाव आखीन चढला असता, मंग? राहिलेला तुकडाही गेला असता, अन् तुयी नोकरीही. सौदा माया होता. तू काहून रडून राहिली?"

तेवढ्यात विकलेल्या भागाचा नवा मालक आला. गोपाल नाव त्याचं, अचलपूरकडचा, भाजीपाला लावणारा. त्याने आदराने नमस्कार केला आणि जमीन न्याहाळू लागला. महादेवराव त्याला घेऊन खालच्या कोपऱ्याकडे गेले. रागिणीही मागून गेली.

"इथं पानी तुंबते. पावसाळ्याच्या आधी चर खोदजा, नाई तं मुळं सडतात. तिरपा पाहिजे, नाल्याकडे."

"कसा तिरपा, काका?"

महादेवरावांनी हाताने दाखवलं. गोपालला उमगलं नाही. तेव्हा त्यांनी धोतराचा सोगा वर खोचला, बांधावरचं फावडं उचललं आणि आता दुसऱ्याच्या झालेल्या त्या मातीत स्वतःच चर खोदायला लागले.